संशोधन लोकांच्या भाषेत

संशोधन म्हटले की विद्यापीठ, प्रयोगशाळा आणि जाडजूड प्रबंध एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. आणि ते लोकांना समजावून सांगायचे म्हणजे अवघड शब्दांच्या जागी सोपे शब्द घातले की झाले, असा पुष्कळ सुशिक्षितांचाही समज असतो. प्रस्तुत लेखकाला हा समज अपुरा वाटतो. ऐकणारा माणूस मोजतो कसा आणि दुखण्याला नाव कोणते देतो, हे सांगणाऱ्याने आधी शिकले पाहिजे. याचे उत्तम उदाहरण महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात घडले. गडचिरोली आपल्या धूलकोटपासून लांब खरी. परंतु जंगल, आदिवासी वस्त्या आणि दूरचा दवाखाना हे सारे आपल्याही परिचयाचेच आहे.

डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतले आणि १९८६ पासून 'सर्च' या संस्थेमार्फत गडचिरोलीत काम करू लागले. तेथे न्यूमोनियाने पुष्कळ लहान मुले दगावत. न्यूमोनिया म्हणजे फुप्फुसाचा दाह. फुप्फुस बिघडले की हवा पुरत नाही, म्हणून मूल भराभर श्वास घेऊ लागते. तेव्हा खोकला झालेल्या मुलाचे श्वास मिनिटभर मोजले, तर क्ष-किरणांवाचूनही रोगाचा संशय वेळीच घेता येतो. नियम आज असा आहे : दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, एक वर्षाच्या आतील मुलाचे ५० किंवा अधिक आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास झाले, की उशीर न करता उपचार हवा.

नियम सोपा दिसतो खरा. पण गावची सुईण दहा-बारापर्यंतच मोजणारी, आणि तिच्या हाती घड्याळ कोठले? एखादा पंडित म्हणाला असता, "बाई, आधी साक्षर व्हा." तोवर किती पाळणे रिकामे झाले असते, याचा हिशेब त्याने मांडला नसता! बंग दांपत्याने निराळा मार्ग धरला. त्यांनी एक श्वासमापक तयार केला. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या दोन ओळी, एक तान्ह्या बाळांसाठी व दुसरी मोठ्या मुलांसाठी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपण्यापूर्वीच शेवटच्या तांबड्या मण्याची पाळी आली, तर मुलाला न्यूमोनिया समजायचा. वैद्यकशास्त्राचा नियम यात रतिभरही पातळ झालेला नाही. साठ हे साठच राहिले, फक्त ते सुईणीच्या बोटांत आले. पाटीमण्यांवर बेरीज शिकवणाऱ्या आम्हा शिक्षकांना याचे अगत्य विशेष वाटावे.

याचा परिणाम 'लॅन्सेट' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात १९९० साली छापून आला. ज्या ५८ गावांत गावच्याच कार्यकर्त्यांनी न्यूमोनिया ओळखून औषध दिले, तेथे पाच वर्षांखालील दर हजार मुलांमागे त्या रोगाचे वार्षिक मृत्यू ८.१ होते, ज्या ४४ गावांत ही व्यवस्था नव्हती तेथे १७.५. हजारामागे साडेसतरा ही भाषा चौकात कोणी बोलत नाही. ती अशी सांगावी : ज्या वस्तीत दोनशे लहान मुले आहेत, तेथे न्यूमोनियाने वर्षाला तीन-चार जात, ती एक-दोनवर आली. आणि ती ४४ गावे मोजलीच कशाला, असे कोणी विचारील. नवे खत वापरणारा शहाणा शेतकरी शेताचा एक पट्टा मुद्दाम तसाच ठेवतो ना? नाहीतर पीक खताने वाढले की पावसाने, हे कळावे कसे! मात्र 'या उपायाने मूल मरतच नाही' असे सांगणे सोपे असले तरी खोटे आहे.

शब्दांचेही तसेच. २००१ मध्ये बालमृत्यूंविषयीचा अहवाल निघाला, त्याचे नाव 'कोवळी पानगळ'. 'बालमृत्यूंचे प्रमाण' असे शीर्षक दिले असते तर तो बहुधा कपाटात गेला असता. या दोन शब्दांनी मृत्यूचे आकडे घराघरांत बोलले जाऊ लागले.

नवजात बालकांची घरीच काळजी घेण्याचा त्यांचा प्रयोग १९९९ मध्ये त्याच नियतकालिकात प्रसिद्ध झाला, आणि २०११ पासून ते काम देशभरातील 'आशा' कार्यकर्तींकडे आले. घरी जन्मलेल्या बाळाकडे त्यांनी १, ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी जावयाचे असते. दवाखान्यात जन्मलेल्याकडे पहिल्या दिवसाची फेरी नसते.

आता आपल्याकडची अडचण. निमाडात श्वास लागलेल्या मुलाला आया 'पसली चलती है' म्हणतात, मराठी घरांत 'डबा झाला' म्हणतात, आणि बारेला-भिलाला घरांत बोली आणखी वेगळी. 'न्यूमोनिया आहे का?' या प्रश्नाला 'नाही' असे उत्तर येईल, आणि ते देणारी आई खोटे बोलत नसेल. तिला विचारावे, "पसली चलती है का?", आणि मग झग्याची बटणे काढून, बाळ शांत असताना, रडत असताना नव्हे, पूर्ण एक मिनिट त्याच्या पोटाकडे पाहावे.