विश्लेषण : अरुण कोलटकर कोणत्या कोशात शोधायचे?

कोल्हापुरात जन्मलेले कवी अरुण कोलटकर यांच्याविषयी खात्रीची माहिती हवी आहे. कोश कोणता उघडायचा, मराठी साहित्याचा की भारतीय इंग्रजी साहित्याचा? एकच कोश उघडला तर अर्धेच कोलटकर हाती लागण्याची शक्यता आहे.

अडचण नेमकी काय?

कोलटकरांचा ‘जेजुरी’ हा इंग्रजी संग्रह १९७६ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्याला राष्ट्रकुल काव्य पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी, १९७७ मध्ये ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा मराठी संग्रह प्रसिद्ध झाला. म्हणजे कवी एक, काळ एक, भाषा दोन. साहित्याचे कोश मात्र बहुतेक वेळा एका भाषेचे असतात. मराठी कोशाचा भर मराठी संग्रहांवर, इंग्रजी संदर्भग्रंथाचा ‘जेजुरी’वर. एकच पुस्तक पाहून प्रकल्प लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला दुसऱ्या बाजूचा पत्ताच लागत नाही.

मग राज्यावर कोश का करत नाहीत?

तसे केले तर गोंधळ वाढेल. इंदिरा संत कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकल्या, पण राहिल्या बेळगावात. जी. ए. कुलकर्णी यांनी धारवाडात इंग्रजी शिकवले आणि कथा मराठीत लिहिल्या. राज्याची सीमा हा निकष धरला तर मराठीतली ही दोन मोठी नावे कर्नाटकाच्या खात्यात जातील. भाषेचा निकष त्यांना वाचवतो.

पण तोच निकष द. रा. बेंद्रे यांच्यापाशी तोकडा पडतो. घरची भाषा मराठी, कविता कन्नड. १९४४ ते १९५६ या काळात ते सोलापूरच्या डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते, मराठीतही लिहीत होते. १९७३च्या ज्ञानपीठात ते गोपीनाथ महांती यांच्याबरोबर वाटेकरी होते. १९७४चे ज्ञानपीठ कोल्हापूरच्या वि. स. खांडेकरांना मिळाले. लागोपाठच्या या दोन मानकऱ्यांपैकी खांडेकर मराठी कोशात हमखास असणार. बेंद्रे असावेत की नसावेत, हे संपादकाला ठरवावे लागते. असावेत, असेच म्हणावे लागेल.

इतर देश काय करतात?

कॅनडात इंग्रजी आणि फ्रेंच या दोन राजभाषा आहेत. ‘ऑक्सफर्ड कम्पॅनियन टू कॅनेडियन लिटरेचर’ (१९८३) हा ग्रंथ इंग्रजीत आहे, तरी त्यात क्युबेकच्या फ्रेंच लेखकांच्याही नोंदी आहेत. क्युबेकने मात्र आपल्या साहित्यकृतींचा वेगळा फ्रेंच कोश केला, त्याचा पहिला खंड १९७८ मध्ये आला. आपल्याकडे असा एकत्र प्रयत्न साहित्य अकादमीने केला. तिच्या सहा खंडांच्या इंग्रजी कोशात अनेक भारतीय भाषांतील लेखक, ग्रंथ आणि संज्ञा एकाच वर्णक्रमाने लावल्या आहेत. मराठीची नोंद संपली की पुढची तमिळची असू शकते. भाषांमधली भिंत तिथे पडते. पण प्रत्येक भाषेच्या वाट्याला जागा थोडी येते.

कोश पाहताना काय तपासावे?

सर्वांत आधी कालमर्यादा. ‘संक्षिप्त मराठी वाङ्मयकोशा’च्या दोन खंडांपैकी पहिला १९२०पर्यंतचा आहे आणि दुसरा १९२० ते २००३ या काळाचा. कोलटकरांचे ‘काळा घोडा पोएम्स’ आणि ‘सर्पसत्र’ हे इंग्रजी संग्रह २००४चे, त्यांचे निधनही सप्टेंबर २००४चे. ‘भिजकी वही’साठी साहित्य अकादमी पुरस्कार २००५चा, तोही मराठीसाठी, मरणोत्तर. हे सगळे त्या मर्यादेपलीकडचे. यात कोशाचा दोष नाही, छापील पुस्तकाला कुठेतरी थांबावेच लागते. पण मुखपृष्ठावरचे वर्ष न पाहता नोंद उतरवून घेणारे कमी नसतात.

दुसरे, नाव. छापील कोशात आडनाव आधी येते, टोपणनावाची नोंद बहुधा मूळ नावाकडे वळवलेली असते. बेंद्रे कन्नडमध्ये ‘अंबिकातनयदत्त’ या नावाने लिहीत, हे ठाऊक नसेल तर शोध तिथेच अडतो.

वाईला घडलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६चा. त्याच्या नोंदी आता फोनवर मोफत वाचता येतात, आणि त्यात इतर भारतीय भाषांच्या साहित्यावरही लेख आहेत. बेंद्रे यांच्यापर्यंत मराठीतून पोचायचे असेल तर सुरुवात ‘कन्नड साहित्य’ या नोंदीपासून करता येईल.