उधारी बुडाली, इरादा का बुडावा?

प्रत्येक व्यापाऱ्याच्या मनात धंद्याखेरीज एखादा इरादा असतो. कुणाला भाड्याची खोली सोडून स्वतःचे घर घ्यायचे असते, कुणाला मुलीला डॉक्टर करायचे असते. हा इरादा आळसाने क्वचित मोडतो. तो बहुधा एखाद्या बुडीत उधारीने मोडतो, कारण घरचा पैसा आणि धंद्याचा पैसा आपण एकाच गल्ल्यात ठेवतो.

माझेच सांगतो. भिवंडीच्या मागांवरचे कोरे कापड घेऊन बाहेरगावच्या पार्ट्यांना ६० दिवसांच्या उधारीवर देणे, हा माझा धंदा. घराच्या बयाण्यासाठी चार लाख जमले होते. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटाबंदी झाली, बाजार थंडावला आणि एका जुन्या पार्टीचा चेक न वटता परत आला. मागवाल्यांचे देणे मी घराच्या पैशातून भागवले. त्याचे दुःख नाही, देणे ते देणे. पण पुढे दोन वर्षे मी घराचे नावच काढले नाही. शेवटी मुलीने विचारले, "अब्बा, आता घर नाही का घ्यायचं?"

तोटा झाला की माणूस एक तर इरादा सोडतो, नाहीतर सहा महिन्यांत सगळे भरून काढायला निघतो आणि अनोळखी पार्टीला दोन पैसे जादा भावाच्या लोभाने माल देऊन बसतो. दुसरी चूक जास्त घातक. मी तीही केली आहे.

आधी बुडाले ते बुडाले असे वहीत लिहावे. वर्षभर न आलेली रक्कम 'येणे' म्हणून धरली की पुढचे सगळे हिशेब खोटे ठरतात. याचा अर्थ वसुली सोडावी असा नाही. चेक परत आल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस मिळाल्यावर पार्टीला १५ दिवसांची मुदत असते. तरीही पैसे आले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात कोर्टात फिर्याद. मी जुन्या मुर्वतीपायी ही मुदत घालवली.

मग घराचा हिशेब. पूर्वी महिना दहा हजार टाकत होतो, म्हणजे चार लाखांना ४० महिने. तोट्यानंतर तीन हजारच निघू लागले. भागाकार केला तर ११ वर्षांच्या वर! हा आकडा पाहूनच हिंमत खचते. म्हणून मी चार लाखांकडे पाहणे बंद केले. दर महिन्याच्या पाच तारखेला तीन हजार वेगळ्या खात्यात टाकायचे, एवढेच ठरवले. त्या खात्याचे चेकबुक घेतलेच नाही. पेढीवर असते तर एखाद्या नडीला फाटले असते.

मार्च २०२० च्या लॉकडाऊनमध्ये पाच महिने काहीच टाकता आले नाही, पण काढलेही नाही. नंतर दोन हजारांपासून पुन्हा सुरुवात केली. जुने देणे फिटत गेले तशी रक्कम वाढवली.

चार लाख पुन्हा जमले आहेत. जागेचे भाव मात्र तेथे थांबलेले नाहीत. मुलगी म्हणते, एक खोली कमी चालेल. त्या हिशेबाने बोलणी सुरू आहेत.