डब्यावरचे वॅट आणि आतला दम

परीक्षा संपून सुट्टी लागली, की अनेक घरांत एक नवा खर्च निघतो. चार-पाच वर्षांपूर्वी घेतलेला संगणक तसा ठीक चालत असतो. पण मुलाला त्यावर नवा गेम खेळायचा असतो किंवा मुलीला ॲनिमेशन शिकायचे असते. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड हवे. कार्डाची किंमत, त्याची मेमरी, त्याला पंखे किती यावर आठवडाभर खल होतो. कार्ड येते, बसते, संगणक सुरू होतो. सिनेमा झकास दिसतो, घर खूश. मग गेम सुरू होतो आणि दहाव्या मिनिटाला पडदा काळा! पुन्हा बटण दाबले, तर संगणक काही झालेच नाही अशा थाटात सुरू.

अशा वेळी कार्डाला बोल लावला जातो. खरा संशयित मात्र कॅबिनेटच्या कोपऱ्यात मुकाट बसलेला असतो. भिंतीतली वीज संगणकाला झेपेल अशी करून देणारा तो पत्र्याचा डबा, म्हणजे दुकानदारांच्या भाषेत एसएमपीएस. नवे कार्ड तुला झेपेल का, हे त्याला कुणी विचारलेलेच नसते.

डॉक्टरांना हे चित्र चांगले परिचयाचे आहे. पलंगावर पडून काढलेला ईसीजी अगदी नॉर्मल येतो आणि तोच माणूस दोन जिने चढला की छाती आवळून येते. म्हणूनच ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासतात. नुसता चालू असलेला संगणक जेमतेम ५०-६० वॅट घेतो. तेवढे कोणताही एसएमपीएस देईल. त्याचा कस लागतो तो गेम सुरू झाल्यावर. एसएमपीएसच्या दोन पिना तारेने जोडून ‘पंखा फिरतोय, म्हणजे चांगला आहे’ असा निर्वाळा देणारे तंत्रज्ञ भेटतात. नाडी लागते म्हणून माणसाला डोंगर चढायला पाठवण्यासारखेच हे.

मग तपासायचे काय? आधी डब्याच्या अंगावरचे लेबल वाचायचे. त्यावरचा ‘४५० वॅट’ हा मोठ्या अक्षरांतला आकडा सोडून द्यावा. एसएमपीएस १२, ५ आणि ३.३ अशा वेगवेगळ्या व्होल्टची वीज देतो आणि मोठा आकडा या सगळ्यांचा मिळून असतो. स्वस्त मालात तर तोही फुगवलेला. आजचे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या वाटेनेच ओढतात. तेव्हा लेबलावर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिले आहेत ते पाहावे आणि त्याला १२ ने गुणावे. तेथे १८ अँपिअर असतील, तर खरी ताकद २१६ वॅट. बाकीचे वॅट ग्राफिक्स कार्डाच्या कामाचे नाहीत. १२ व्होल्टच्या दोन वाटा दाखवल्या असतील, तर दोघींची बेरीज करू नये. दोन्ही मिळून किती वॅट, हे बहुधा खाली वेगळे दिलेले असते.

आता मागणीकडे पाहू. समजा, इंटेलचा आय५-१२४०० प्रोसेसर आहे. त्याची ओळख ६५ वॅटचा अशी असली, तरी जोरात काम करताना तो ११७ वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०६० कार्डाला १७० वॅट लागतात. मदरबोर्ड, डिस्क, पंखे यांचे ५० धरू. बेरीज झाली ३३७. वरचा २१६ वॅटचा एसएमपीएस येथे धापा टाकणार हे उघड आहे. १२ व्होल्टवर ४५ अँपिअर, म्हणजे ५४० वॅट देणारा चांगल्या बनावटीचा एसएमपीएस असेल, तर तो साठ-पासष्ट टक्के ताकदीत हे काम करतो. कार्डाची कंपनीही ५५० वॅटची शिफारस करते ती उगाच नाही. कार्डाचे १७० वॅट ही सरासरी असते. सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती ते याहून बरीच जास्त उसळी मारते. २०२२ मध्ये आलेल्या एटीएक्स ३.० या मानकाने नव्या १६ पिनी जोडाच्या मोठ्या एसएमपीएसना सेकंदाच्या दहा हजाराव्या भागापुरता दुप्पट भार सोसण्याची अट घातली, ती या उसळ्यांमुळेच. जुना किंवा दुबळा एसएमपीएस अशा उसळीला घाबरून स्वतःला बंद करतो. खरे तर तो शहाणपणा करत असतो. हलक्या मालातले सुरक्षा-सर्किट तेवढेही करत नाही, तेव्हा आतले भाग जळतात आणि जाताना मदरबोर्डालाही सोबत नेतात.

डब्यावरच्या ‘८० प्लस’ या खुणेबद्दल फार गैरसमज आहे. ती ताकदीची खूण नव्हे. भिंतीतून घेतलेल्या विजेपैकी किती वीज संगणकापर्यंत पोहोचते आणि किती उष्णता होऊन वाया जाते, एवढेच ती सांगते.

यानंतर पाहायच्या त्या केबल. मदरबोर्डाच्या खाचेतून कार्डाला ७५ वॅट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५, आठ पिनांच्या केबलमधून १५०. ७५ वॅटमध्ये भागणाऱ्या जीटीएक्स १६५० च्या अनेक कार्डांना वेगळी केबल लागतच नाही. जुन्या संगणकाला असे कार्ड अधिक मानवते. आठ पिनांची केबल एसएमपीएसला नसली, की दुकानदार दहा-वीस रुपयांचा जोड देऊन वेळ मारून नेतो. डिस्कला वीज देणाऱ्या साटा केबलला हा जोड लावला, तर घात होतो. त्या प्लगची १२ व्होल्टवरची मर्यादा साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट आहे आणि कार्ड त्यातून १५० मागू शकते. तारेतली वीज दुप्पट झाली, की उष्णता चौपट होते. प्लास्टिक आधी मऊ पडते, मग जळका वास येतो.

महाग सामानही याला अपवाद नाही. २०२२ च्या शेवटी आरटीएक्स ४०९० या ४५० वॅटच्या कार्डाचे १६ पिनी जोड वितळल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. जोड पूर्ण आत बसला नव्हता, हे त्याचे मुख्य कारण असल्याचे एनव्हिडियाने सांगितले आणि पुढे त्या जोडाची रचनाही बदलली गेली. तेव्हा केबल ‘टक्’ वाजेपर्यंत बसवायची. एका एसएमपीएसच्या सुट्या केबल दुसऱ्याला लावायच्या नाहीत, प्लग जुळत असला तरी.

वयही मोजावे लागते. एसएमपीएसमधले कपॅसिटर उष्णतेने सुकतात. तापमान दहा अंशांनी वाढले, की त्यांचे आयुष्य साधारण निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. चंद्रपूर-नागपूरच्या मे महिन्यात, भिंतीला चिकटवून ठेवलेल्या आणि धुळीने बुजलेल्या कॅबिनेटमध्ये तो किती वर्षे तग धरेल, याचा विचार केलेला बरा. सात-आठ वर्षांच्या एसएमपीएसवर नवे कार्ड लादू नये. घरचा यूपीएसही यात अडकतो. ६०० व्हीएच्या साध्या यूपीएसची ताकद बहुधा ३६० वॅट असते. वरच्या उदाहरणातला संगणक भिंतीतून चारशेच्या आसपास वॅट घेईल, मॉनिटर वेगळाच. वीज गेली, की यूपीएस टीं टीं करून त्याच क्षणी मान टाकेल.

हे झाले यंत्राचे नुकसान. माणसाच्या जिवाशी गाठ आहे ती अर्थिंगची. ‘कॅबिनेटला हात लावला, की झिणझिण्या येतात’ ही तक्रार घरोघरी ऐकू येते आणि हसण्यावारी जाते. एसएमपीएसमध्ये दोन छोटे कपॅसिटर असतात, एक फेजपासून पत्र्याला, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्याला जोडलेला. विजेतला गोंगाट ते जमिनीत सोडतात. जमिनीची वाटच नसेल, तर पत्रा २३० च्या निम्म्यावर, सुमारे ११५ व्होल्टवर तरंगत राहतो. या वाटेने अंगातून जाणारा प्रवाह साधारण एका मिलिअँपिअरच्या आतला असतो, त्यामुळे नुसत्या झिणझिण्या. त्याने माणूस मरत नाही. पण त्या झिणझिण्यांचा अर्थ एवढाच, की घराला अर्थिंग नाही किंवा कुणीतरी प्लगची तिसरी पिन मोडली आहे. उद्या आतली तार सुटून पत्र्याला लागली, तर जमिनीकडे जायला वाट उरते ती माणसाच्या शरीराची. दहा-पंधरा मिलिअँपिअरला हाताचे स्नायू असे आवळतात, की पकड सोडवत नाही. तीसच्या पुढे हृदयाची लय बिघडण्याचा धोका सुरू होतो. म्हणून घरातला आरसीसीबी ३० मिलिअँपिअरचा असतो. कार्डावर तीस हजार खर्च करणाऱ्या घराने इलेक्ट्रिशियन बोलावून अर्थिंग तपासून घ्यायला हरकत नसावी. पावसाळ्याआधी तर नक्कीच.

एसएमपीएसचा डबा मात्र घरी कधीही उघडू नये. धूळ काढायलाही नाही आणि पंख्याला तेल घालायलाही नाही. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट साठलेले असतात आणि प्लग काढल्यावरही ते काही काळ टिकू शकतात.

जळका वास आला, तर आधी भिंतीवरचे बटण बंद करावे. ज्वाळा दिसल्या, तरी पाणी ओतू नये. हात भाजलाच, तर तो वीस मिनिटे नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद, बर्फ यांतले काहीही लावू नये. शॉक लागून कुणी चिकटले असेल, तर मेन स्विच बंद होईपर्यंत त्याला हात लावू नये. त्यानंतर श्वास चालत नसेल, तर १०८ ला फोन लावून छाती दाबायला सुरुवात करावी. आणि शॉकनंतर क्षणभर जरी शुद्ध हरपली असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर ‘आता बरं वाटतंय’ म्हणून घरी न थांबता त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन ईसीजी काढून घ्यावा.