चूल गेली, धुरांडं राहिलं… आणि ओलही!

तुमचं घर जुन्या पेठेतलं आहे? किंवा रेल्वेच्या जुन्या क्वार्टर्समधलं? मग स्वयंपाकघराच्या भिंतीतून थेट छपराबाहेर गेलेलं विटांचं धुरांडं तुमच्याकडेही असण्याचा संभव आहे. (चिमणी म्हटलं की हल्लीच्या मुलींना गॅसवरची विजेची चिमणी आठवते, म्हणून मी आपला जुनाच शब्द वापरते.) १९६५ साली ‘इंडेन’चा गॅस बाजारात आला, हळूहळू आपल्या गावांतूनही पोचला, चुली निघाल्या, ओटे झाले. धुरांडं मात्र उभंच राहिलं. ते पाडायचं म्हणजे छपराला हात घालायचा, कोण करणार?

आणि मग दर पावसाळ्यात त्याच भिंतीवर तो तपकिरी डाग! दिवाळीला रंग काढावा, तर पुढच्या आषाढात स्वारी पुन्हा हजर. पोपडे डब्यांवर पडतात, डाळीला कुबट वास येतो. भिंतीच्या पलीकडे मुलांची खाट असली तर बुरशीने त्यांचा खोकला हटत नाही. विजेचा बोर्ड त्याच भिंतीवर असेल तर आधी वायरमनला बोलावून तो दुसरीकडे हलवा. ओल्या भिंतीवरचा बोर्ड हा जिवाशी खेळ आहे.

सासूबाई म्हणतात, “आमच्या वेळी नव्हती गं ही ओल!” आणि त्यांचं खरंच आहे. पाऊस तेव्हाही धुरांड्यात पडायचाच. पण दोन वेळा चूल पेटायची, गरम हवा वर जायची आणि आतल्या विटा वाळून निघायच्या. आता पाऊस पडतो तेवढा पडतो, वाळवणारं कोणी नाही. शिवाय कुकरची वाफ, भाताचा डेचका, ओले कपडे, या सगळ्यांची दमट हवा त्या थंड पोकळीत शिरते आणि गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो तशी विटांवर पाणी होऊन बसते.

तिसरी गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते. वर्षानुवर्षांच्या धुराने विटांत काजळीबरोबर क्षारही मुरलेले असतात. पावसाळ्यात उघडं ठेवलेलं मीठ कसं पाझरतं? तसेच हे क्षार हवेतली ओल ओढून घेतात. म्हणून छपराची गळती थांबली तरी डाग हटत नाही आणि त्यावर कितीही भारी रंग लावला तरी तो फुगून येतो.

तेव्हा पैसे खर्च करण्याआधी ओल कुठली ते बघा. मोठी सर आल्यावर काही तासांत डाग पसरला, तर पाणी वरून येतंय: उघड्या तोंडातून, नाहीतर धुरांडं छपरातून बाहेर पडतं तिथल्या फुटलेल्या सांध्यातून. पाऊस नसताना, नुसत्या दमट हवेने डाग ओलसर होत असेल तर क्षारांचा संशय घ्यावा. आणखी एक युक्ती आहे. पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद हातभर कापून, चारी बाजूंनी चिकटपट्टीने भिंतीला घट्ट लावा आणि दोन दिवसांनी पाहा. थेंब आपल्या बाजूला असतील तर ती खोलीतल्या हवेची वाफ, भिंतीच्या बाजूला असतील तर भिंतीतली ओल.

आता उपाय. गवंड्याला विचाराल तर तो चटकन सांगेल, “ताई, वरून-खालून सिमेंटने बुजवून टाकू.” आमच्या समोरच्या वाड्यात असंच केलं होतं. दुसऱ्याच वर्षी डाग पहिल्याच्या दुप्पट, कारण आतली ओल आतच कोंडली! ऐकायचं नाही. पाऊस अडवायचा, हवा नाही.

आधी काजळी आणि पाखरांची घरटी काढवून घ्या. खाली जुनी गोणपाटं अंथरा, डबे दुसऱ्या खोलीत न्या. घमेली भरून काजळी निघते. मग धुरांड्याच्या तोंडावर विटांचे तुकडे रचून शहाबादी फरशी बसवायला सांगा, चारी बाजूंनी बाहेर आलेली, म्हणजे पाणी निथळून जाईल. मधे चारेक इंचांची फट आणि तिला जाळी हवी. आपल्याकडे पावसाचा मारा पश्चिमेकडून, म्हणून ती बाजू विटांनी बंद केलेली बरी. छपराचा सांधा त्याच वेळी दुरुस्त करून घ्या. गवंडी वर चढलेलाच असतो. खाली, चूल होती तिथे, सहा-सहा इंचांची झरोक्याची जाळी बसवा. खालून हवा शिरते, वरून निघून जाते आणि विटा हळूहळू वाळतात.

पण थांबा! न्हाणीघरातल्या गॅस गीझरचा पाइप त्यात सोडलेला नाही ना? शेजारच्या बिऱ्हाडाचं धुरांडं त्यालाच जोडलेलं नाही ना? असेल तर काही झाकू नका. कोंडलेल्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो.

गिलाव्याची घाई नको. नऊ इंची भिंत वाळायला महिने लागतात, म्हणून हे काम पावसाळा संपल्यावर काढावं आणि मधला उन्हाळा भिंतीला द्यावा. नंतर डागाच्या बाहेर फूटभर जाईतो जुना गिलावा विटांपर्यंत खरवडून टाका. तो वाचवण्यात अर्थ नाही, क्षार त्यातच असतात. भिंत पाण्याने धुऊ नका, कोरड्या ब्रशने झाडा. विटा चुन्यातल्या असतील तर गिलावाही चुन्याचा आणि वर चुन्याचाच हात. सिमेंट आणि ऑइलपेंट आतली ओल बाहेर येऊ देत नाहीत. चुन्याचं काम जाणणारा गवंडी शोधावा लागतो, पण जुन्या पेठेत एखादा म्हातारा भेटतोच.

आणि खालची जाळी दिसायला बरी नाही म्हणून तिच्यावर कॅलेंडर टांगू नका हं! महिन्यातून एकदा जुन्या टूथब्रशने तिच्यावरची जळमटं काढली की झालं.