संवेदन-वंचन : अर्थ आणि उपयोग

'संवेदन-वंचन' म्हणताच काळोखी, निःशब्द कोठडी डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु डोनाल्ड हेब यांच्या मार्गदर्शनाखाली मॅकगिल विद्यापीठात झालेल्या व १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात काळोख नव्हताच. प्रयुक्त विद्यार्थ्यांच्या चष्म्यांतून प्रकाश आत येई, आकृती मात्र दिसत नसे; हातांवर मोजे व पुठ्ठ्याच्या नळ्या, कानी यंत्रांची एकसुरी घरघर. उद्दीपन शिल्लक होते; हरपली होती ती त्यातील विविधता. दिवसाला २० डॉलर (त्या काळी ही रक्कम लहान नव्हे) मिळत असूनही दोन-तीन दिवसांपलीकडे क्वचितच कोणी टिकले. विचारांची सुसंगती ढळली, कित्येकांना निर्वस्तुभ्रम झाले.

उपयोगाचा प्रश्न अधिक अवघड आहे. कोमट, खारट पाण्यात तासभर तरंगल्याने मनावरील ताण हलका होतो, असे पुढील संशोधनात आढळले. उलट, १९७१ साली उत्तर आयर्लंडमध्ये स्थानबद्धांच्या डोक्यांवर टोप्या ओढून, अखंड गोंगाटात त्यांची चौकशी करण्यात आली. ही वागणूक युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने १९७८ साली अमानुष व मानहानिकारक ठरविली. या स्थानबद्धांना बाहेर पडण्याची मुभा नव्हती. मॅकगिलच्या विद्यार्थ्यांना ती होती, आणि त्यांनी ती वापरलीही.