मोडण्यानें चालणारा कारभार

आपल्या शरीरांतील बहुतेक सर्व पेशींजवळ जनुकांचा संग्रह एकच असतो. तथापि मूत्रपिंडाची पेशी एक काम करिते व स्नायूची दुसरें. याचें कारण असें कीं, प्रत्येक पेशी त्या संग्रहांतून जरूर तेवढ्याच जनुकांच्या नकला उतरून घेते. कोणती नक्कल केव्हां उतरावयाची हें कांहीं प्रथिनें ठरवितात. आणि त्या प्रथिनांवर पेशी जो ताबा ठेविते, तो पुष्कळदां तीं मोडून टाकूनच! हें कसें घडतें, तें एका उदाहरणानें आम्ही वाचकांपुढें मांडीत आहों.

'हिफ' नांवाच्या प्रथिनाचे दोन घटक असतात. त्यांपैकीं आल्फा हा घटक पेशी सदोदित तयार करिते, आणि प्राणवायु पुरेसा असला म्हणजे कांहीं मिनिटांतच तो नष्टही करिते. प्रथम एक विकर प्राणवायूच्या साह्यानें त्यावर खूण करितें. ती खूण ओळखून 'व्हीएचएल' हें प्रथिन त्यास धरितें, व युबिक्विटिन नामक लहान प्रथिनांची सांखळी त्यास जोडली जाते. मग प्रोटिअसोम हें पेशींतील यंत्र त्याचे तुकडे करितें. युबिक्विटिनच्या या कार्याच्या शोधाबद्दल चेखानोव्हर, हर्श्को व रोज यांस २००४ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

प्राणवायु कमी पडला कीं खूण होत नाहीं. आल्फा वांचतो, पेशीकेंद्रांत जोडीदारास मिळतो आणि नकला सुरू होतात. मूत्रपिंडांतील विशिष्ट पेशी एरिथ्रोपोएटिन निर्माण करितात, व त्यायोगें अस्थिमज्जेंत तांबड्या रक्तपेशी वाढतात. इतर अनेक पेशी नव्या रक्तवाहिन्या वाढविणारें प्रथिन करितात. सपाट प्रदेशांतील मनुष्य उंच पर्वतावर राहूं लागल्यास त्याच्या तांबड्या पेशी वाढतात, त्याचें मर्म हेंच.

कोणी म्हणेल, करून मोडणें ही उधळपट्टी नव्हे काय? परंतु प्राणवायु संपूं लागल्यावर प्रथिन करावयास बसणें म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणें होय. येथें केवळ मोडणें थांबविलें कीं काम भागतें.

हें मोडणें बंद पडलें तर मात्र अनर्थ ओढवतो. ज्यांचें व्हीएचएल जनुक जन्मतः सदोष असतें, त्यांस डोळे, मेंदू व मूत्रपिंड यांत गाठी होण्याचा धोका असतो. कारण बिघडलेल्या पेशी प्राणवायु भरपूर असूनही तो नसल्याप्रमाणें वागतात. पेशी प्राणवायु कसा ओळखतात याच्या शोधाबद्दल केलिन, रॅटक्लिफ व सेमेन्झा यांस २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें; आणि २०२१ सालीं या रोगावर हिफ-२ आल्फास रोखणारें बेल्झुटिफान हें औषध अमेरिकेंत मंजूर झालें. यावरून, जुनें वेळींच मोडणें हेंही जीवनाचें एक आवश्यक कार्य आहे, हें विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावें.