ऑक्सिमीटर बदलताना

कल्याणला वालधुनीच्या आरोग्य शिबिरात आमचे ऑक्सिमीटर बंद पडले. नवे घेताना आम्ही किमतीआधी दोन गोष्टी पाहिल्या: खोक्यावर कंपनीचे नाव आणि परवाना क्रमांक आहे का, आणि यंत्रातले नाडीचे ठोके मनगटावर मोजलेल्या ठोक्यांशी जुळतात का.

पण चांगले यंत्रही सावळ्या कातडीवर चुकू शकते. अमेरिकेतल्या २०२० च्या अभ्यासात ऑक्सिजन घटलेला असूनही आकडा ठीक दिसण्याचे प्रमाण काळ्या रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट निघाले. आपल्या वस्तीतली बहुतेक बोटे सावळीच.

म्हणून नेलपॉलिश पुसा, हात गरम करा, मग मोजा. आकडा ९६ दिसला, तरी माणसाला धाप लागली असेल किंवा जीभ निळसर दिसत असेल, तर १०८ ला फोन करा. यंत्रापेक्षा माणसाकडे बघा.